आधी निघायची मुभा

माझ्या डाव्या मनगटाचं हाड नीट जुळलेलं नाही. फळ्यावर लिहिताना त्रास होत नाही, पण भाजीची पिशवी त्या हातात घेतली की कळ येते. उरणकडच्या आमच्या घरात, दिवेलागणीच्या वेळी, नवऱ्याने ते दारातच पिळलं. मी ओरडले. शेजारी टीव्हीवर बातम्या चालू होत्या, त्यांचा आवाज कुणीतरी वाढवला. बाकी त्या संध्याकाळचं बरंचसं पुसट झालंय, पण तो वाढलेला आवाज स्पष्ट आठवतो.

नवरा न्हावा शेवाच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. बाहेर अतिशय गोड माणूस. कुणाचं आजारपण असो, कुणाची मयत असो, सगळ्यांत आधी हजर. त्यामुळे मी हाताला प्लॅस्टर घालून भावाकडे गेले तेव्हा भावाला पहिल्यांदा खरंच वाटेना. नंतर खरं वाटलं, पण त्याचं करायचं काय ते त्याला समजेना. त्याने आमच्या वस्तीतल्या चार मोठ्या माणसांना विहारात बोलावलं. नवराही आला. सगळ्यांसमोर रडला. माणसं विरघळली. त्यांतले एक निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले, "पोरी, तो चुकलं म्हणतोय ना? मग आता तुझ्याकडून ताणू नकोस."

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "जा बघू. नाहीच जमलं तर आपण परत बसू."

"परत बसायला माझा दुसरा हात मोडायला हवा का?" मी म्हटलं.

वहिनी आत भांडी आवरत होती, ती जरा जोरात आवरू लागली.

आमचे वडील शिक्षक होते. मी कॉलेजात असतानाच ते गेले. पण आपल्या घरात जे काही आलं, माझ्या शिक्षणापासून डोक्यावरच्या छपरापर्यंत, ते कायद्याने आलं, असं ते मानायचे. म्हणून कायद्याकडे जायला लाजायचं नाही, हे त्यांनी आम्हाला दोघांनाही सांगितलं होतं. भावाच्या ते लक्षात असेल की नाही माहीत नाही. माझ्या होतं. नागावच्या पुढे एका खासगी मराठी शाळेत जागा निघाली होती, तिथे मी अर्ज केला, नोकरी मिळाली, आणि तिथेच राहून तालुक्याच्या कोर्टात घरगुती हिंसाचाराचा अर्ज दाखल केला.

राहायला एका वाडीत खोली मिळाली. नारळ-सुपारीची वाडी, मागे घरमालकिणीचं घर, पुढे पर्यटकांसाठी बांधलेल्या तीन खोल्या. मला मिळाली ती विहिरीच्या बाजूची, पर्यटकांना नको असलेली. मालकीण विधवा, साठीच्या पुढची. सगळे तिला काकी म्हणत, मीही म्हणू लागले. ती मला बाई म्हणायची, शाळेतल्या बाई म्हणून. नवरा कुठे असतो, हे तिने पहिल्या आठवड्यात एकदाच विचारलं. मी म्हटलं, "आमचं पटत नाही, काकी."

"पटत न्हाय तर न्हाय," ती म्हणाली आणि मला केळफूल सोलायला दिलं.

शनिवार-रविवारी पुढच्या खोल्या भरायच्या, बाकीचे दिवस आम्ही दोघीच असायचो. संध्याकाळी ती तांदळाची भाकरी थापायची आणि मला न विचारता दोन जास्त थापायची. तेवढ्या काळात मी एकटी आहे हे मला फारसं जाणवलं नाही.

जाणवायचं ते कोर्टात.

त्या कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला लागून लांब लाकडी बाक होते. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, जमिनीच्या भांडणातले भाऊ-भाऊ, सगळे त्यावरच बसायचे. पहिल्या तारखेला मी जाऊन बसले आणि थोड्या वेळाने माझ्या शेजारी कुणीतरी बसलं. न बघता मला कळलं. केसांना लावायच्या तेलाचा तोच वास. तो माझ्याशी भांडला नाही, एक वाईट शब्द बोलला नाही. हळू आवाजात, जणू आम्ही दवाखान्यात नंबर लावून बसलोय अशा सुरात म्हणाला, "जेवलीस का?"

मी उठून जिन्यापाशी जाऊन उभी राहिले. तो पाण्याची बाटली घेऊन मागे आला. "घे. ऊन फार आहे." समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. एवढा काळजी करणारा नवरा आणि ही बया तोंड फिरवते, असंच तिला वाटलं असणार. त्या बाटलीमागे काय होतं, ते त्या व्हरांड्यात फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं. एवढी माणसं असताना मी इतकी एकटी कधीच नव्हते. घरात तो मारायचा तेव्हासुद्धा नाही. तेव्हा निदान काय चाललंय याबद्दल शंका नसायची.

पुकारा झाला, त्याचा वकील आला नव्हता, पुढची तारीख मिळाली.

माझी वकील वयाने माझ्यापेक्षा लहान होती. मी तिला म्हटलं, "मॅडम, मला दुसरीकडे कुठे बसता येईल का? त्यांच्या शेजारी नको."

"सुनावणी बंद खोलीत घ्यायची तरतूद कायद्यात आहे, ताई. बसण्याचंही मी सांगून पाहिलं. बघू म्हणाले." तिने फाइल छातीशी धरली. "जागाच नाही म्हणतात."

त्या दिवशी मी रेवदंड्याच्या एसटीत बसले. गाडी सुटता सुटता तो चढला आणि मागे बसला. नागाव आलं, मी उतरले नाही. माझी शाळा गेली, वाडीकडे जाणारा रस्ता गेला. मी शेवटपर्यंत गेले, उतरून एका मेडिकलच्या दुकानात शिरले आणि नको असलेलं खोकल्याचं औषध घेतलं. तो समोर चहा पीत उभा होता. पाठलाग म्हणावा तर तसं काही करत नव्हता. चहा प्यायला कुणाला बंदी आहे? शेवटी कंटाळून तो परतीच्या गाडीत बसला. ती गाडी दिसेनाशी झाल्यावर मी रिक्षा केली. वाडीत पोचले तर काकी अंगणात सुपारी गोळा करत होती. "उशीर झाला, बाई?" मी हो म्हटलं. तिथेच विहिरीच्या कठड्याशी बसले.

कोर्टाच्या तारखा म्हणजे काय, हे मला अशा रीतीने समजलं. मी सोडून आलेल्या माणसाला मी कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी, कुठे हमखास सापडेन, हे सरकारी शिक्क्यानिशी कळवलं जात होतं.

पुढच्या तारखांपैकी एकीला त्याच्या वकिलाने नवा मुद्दा काढला: ही बाई उरणकडची, या हद्दीत राहते याला पुरावा काय? माझ्या वकिलीणबाईंना खोलीचा भाडेकरार दाखल करावा लागला. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत समोरच्या पक्षाला द्यावी लागते. दिली.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. पुढच्या अंगणात काकीचा हसण्याचा आवाज आला. कुणीतरी पाहुणा तिला सांगत होता, "मावशी, असं जेवण आमच्या मुंबईकडे कुठं मिळतं!" मी दोरीवरचा परकर बाजूला केला आणि पाहिलं. तो माडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून शहाळं पीत होता. त्याने पुढची एक खोली घेतली होती. रीतसर, फोन करून, दोन दिवसांसाठी.

त्याने मला पाहिलं आणि मान किंचित हलवली. एखाद्या ओळखीच्याला हलवावी तशी.

मी खोलीत जाऊन कडी लावली. काकी थोड्या वेळाने ताट घेऊन आली. दार वाजवलं, मी उघडलं नाही. तिने पुन्हा वाजवलं. "बाई, बरं वाटत न्हाय का?"

मी दार फटीएवढं उघडलं. "काकी, तो पुढचा पाहुणा. तो माझा नवरा आहे."

ताट तिच्या हातात तसंच राहिलं. मग तिने ते खाली ठेवलं, पदर खोचला आणि पुढे गेली. तिला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं, तेव्हाही ती ओरडली नाही. मला एवढंच ऐकू आलं: "खोली भरलेली हाय. चुकून दिली. तुमी निघा."

"अहो मावशी, मी काही त्रास दिला का?"

"न्हाय दिला. निघा."

तो हसतच निघाला. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मस्त जागा आहे. परत येईन."

मी पोलिसांत गेले. तिथल्या हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनी केलं काय पण? हात लावला? शिवी दिली?" नाही. काहीच केलं नव्हतं. जेवला, शहाळं प्याला, गेला. हवालदाराने कोर्टाचा काही मनाई आदेश आहे का विचारलं. अर्ज होता, आदेश नव्हता.

त्याच सुमारास कोर्टात नवे न्यायाधीश आले. मध्यमवयीन, रुक्ष, सतत घसा खाकरणारे. त्यांच्याकडून मला विशेष आशा नव्हती. माझ्या वकिलीणबाईंनी उभं राहून वाडीतला प्रकार सांगितला. न्यायाधीशांनी त्याला समोर बोलावलं.

"तिथे कशासाठी गेला होतात?"

"पर्यटनाला, साहेब. सगळेच येतात."

कोर्टात हसू उठलं. मागच्या रांगेतले काही वकीलही हसले. मला वाटलं, संपलं आता. न्यायाधीश हसू थांबेपर्यंत वाट पाहत राहिले. मग त्यांनी कागद उलटे करून भाडेकरार काढला आणि त्याच्या वकिलाला विचारलं, "हा तुमच्या अशिलाला दिला होता?"

"प्रत मिळते साहेब, नियमाने."

"वाचायला दिला होता. पत्ता शोधायला नव्हे." घसा खाकरून ते माझ्याकडे वळले. "हा कागद पाकिटात बंद करून आमच्याकडेच राहायला हवा होता. तेवढं आमच्याकडून राहिलं."

कोर्टाने असं काही म्हणावं याची माझ्या मनाची तयारी नव्हती. मी नुसती मान हलवली. वकिलीणबाईंनी मला कोपराने ढोसलं, म्हणून "हो साहेब" म्हटलं.

त्याच दिवशी त्यांनी अंतरिम आदेश दिला. त्याने माझ्या घराजवळ, शाळेजवळ, मी जिथे जाते तिथे यायचं नाही, फोन करायचा नाही, दुसऱ्याकडून निरोप पाठवायचा नाही. आदेश टपालावर सोडून न देता शिपायाबरोबर पोलीस ठाण्यात पोचवायचा. पुढच्या सुनावण्या दार बंद करून होतील. मी व्हरांड्यात बसणार नाही. जुन्या फायली ठेवायची एक लहान खोली होती, तिथे खुर्ची टाका, असं शिपायाला तोंडीच सांगितलं. आणि काम संपलं की आधी मी निघायचं. मी गाडीत बसले असा निरोप येईपर्यंत त्याने कोर्टातच थांबायचं.

"साहेब, माझ्या अशिलाला ड्यूटी असते," त्याचा वकील म्हणाला.

"त्यांना पर्यटनाला वेळ असतो," न्यायाधीश म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

मी कोर्टातून बाहेर पडले आणि मागे वळून न बघता स्टँडपर्यंत चालले. वाटेत एक बाई बोंबील विकत होती, तिच्यापाशी थांबून मी भावसुद्धा केला. किती साधी गोष्ट. बरेच दिवसांत मी रस्त्यावर थांबले नव्हते.

पण काकीची वाडी मला सोडावी लागली. तो पत्ता त्याच्याकडे होता, आणि तिथे दर शनिवारी अनोळखी माणसं येणारच होती. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मी दोरीमागून बघणार, हे मला दिसत होतं. काकी म्हणाली, "जाऊ नको. मी हाय ना." मी तिला मिठी मारली नाही, आमच्यात तसं नव्हतं. तिने मला सोललेल्या सुपाऱ्यांची पुरचुंडी दिली. मी सुपारी खात नाही हे तिला माहीत होतं.

किहीमच्या बाजूला, रस्त्यापासून आत, मी दोन खोल्या घेतल्या. नवा पत्ता बंद पाकिटात कोर्टाकडे गेला. शाळा लांब पडू लागली. नवा पत्ता मी भावालाही सांगितला नाही, कारण तो भोळा आहे, कुणी प्रेमाने विचारलं तर सांगून टाकेल. आदेश माझं रक्षण करत होता, हे खरंच. पण मी कुठे राहते हे न्यायाधीशांच्या कपाटाला माहीत होतं आणि माझ्या सख्ख्या भावाला नव्हतं.

फायलींच्या खोलीत दोन-तीन तारखांनंतर आणखी एक खुर्ची आली. त्यावर एक कोळीण येऊन बसली, माझ्याच वयाची, खांद्याला सुक्या मासळीचा वास. दार लागल्यावर तिने मोठा श्वास सोडला.

"तुझा पन भायेर हाय?" तिने विचारलं.

"हो."

"माझा बी हाय. बघतो नुस्ता." ती म्हणाली, "मार खाल्ला तवा रडली न्हाय मी. हितं बघतो ना, तवा रडू येतं."

मला कुणी इतकं नेमकं काही सांगितलं नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींचं नाव न विचारता बसून राहायचो. ती कधी पिशवीतून सुकट काढून द्यायची, मी शाळेच्या गोष्टी सांगायचे. आम्हाला तारखा एकाच दिवशीच्या मिळाव्यात असं मी शिपायाला म्हणालेसुद्धा, तो हसला. मग एका तारखेला ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. शिपाई म्हणाला, तिने अर्ज मागे घेतला. तारखेला आली की त्या दिवशीचा बाजार बुडायचा, आणि बाजार बुडाला की सासू घरात घेईना. तिच्यासाठी खुर्ची होती, दार होतं, बंद खोलीतली सुनावणी होती. पण तारीख बाजार नसलेल्या दिवशीची द्यावी, किंवा संध्याकाळची वेळ द्यावी, हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

माझी साक्ष झाली त्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला मागच्या कोपऱ्यात, मला दिसणार नाही असं बसवलं होतं. मी बोलायला लागले आणि मनगटापाशी येऊन अडकले. न्यायाधीशांनी पाणी मागवलं. "घाई नाही," ते म्हणाले आणि खरंच दुसरे कागद वाचू लागले, म्हणजे माझ्याकडे कुणी बघत राहू नये. मी पुन्हा सुरुवात केली. सगळं सांगितलं, टीव्हीच्या आवाजासकट.

उलटतपासणीत त्याचा वकील म्हणाला, "मघापासून तुम्ही 'ते आले', 'त्यांनी हात धरला' असं म्हणताय. मारणाऱ्या माणसाला कुणी अहो-जाहो करतं का?"

इतक्या वर्षांची जीभ होती ती. 'तो' म्हणायचं माझ्या तोंडी बसलंच नव्हतं.

"बायका सवयीने म्हणतात," न्यायाधीश म्हणाले. "पुढचा प्रश्न विचारा."

घरी येऊन मी आरशासमोर उभी राहून "तो" म्हणून पाहिलं. पहिल्यांदा चोरी केल्यासारखं वाटलं. आता लिहिताना सहज येतं.

निकाल माझ्या बाजूने लागला. अंतरिम आदेश कायम झाला. त्याने एकदा तो मोडला, शाळेच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. मी फोन केला आणि पोलीस आले. तोच हवालदार होता. या वेळी त्याने "केलं काय पण?" असं विचारलं नाही. नवऱ्याला घेऊन गेले, गुन्हा नोंदवला. त्यानंतर तो आलेला नाही. न्यायाधीशांची मात्र बदली झाली. पुढे एकदा आदेशाची नक्कल घ्यायला गेले तर ती लहान खोली फायलींनी परत भरली होती, खुर्च्या कुणीतरी कॅन्टीनला नेल्या होत्या. एका भल्या माणसाने तोंडी सांगितलं म्हणून जे सुरू झालं होतं ते तो गेल्यावर थांबलं. माझी वकिलीणबाई आता त्या खोलीसाठी अर्ज करत असते, कायमची लेखी व्यवस्था व्हावी म्हणून. मी तिला माझा अनुभव सही करून दिला आहे.

किहीमची दोन वर्षं शांत गेली. शाळेतून येते, पोरांच्या वह्या तपासते, एका माणसाचा भात लावते. रविवारी किनाऱ्यावर जाते, तिथे आलेल्या कुटुंबांचे फोटो काढून देते, कारण मी एकटी दिसते आणि एकट्या दिसणाऱ्या माणसाच्या हातात लोक मोबाइल सहज देतात. काकीला अधूनमधून फोन करते. तिला कमी ऐकू यायला लागलंय.

या वर्षी मी भावाला पत्ता दिला. तो वहिनीला घेऊन आला, बरोबर पापलेट आणले होते. वहिनीने माझ्याच स्वयंपाकघरात मला हात न लावू देता सगळं केलं. केसबद्दल कुणी बोललं नाही. निघताना चपला घालता घालता भावाने विचारलं, "इथं एकटीला भीती नाही वाटत?"

मी खरं ते सांगितलं. "भीती नाही वाटत रे. एकटं वाटतं."

तो दारात थांबला. शेवटी म्हणाला, "मी आलो असतो तुझ्याबरोबर कोर्टात. तू बोलावलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

वहिनी म्हणाली, "दिवाळीला या तुम्ही." मी बघते म्हटलं. मग ते गेले, आणि मी उरलेलं कालवण लहान भांड्यात काढून ठेवलं.